मार्क कॅव्हेंडिशचे ३५ विजय आणि मोजणीत न येणारे घाट

दमसास

३ जुलै २०२४. टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा पाचवा टप्पा, सँ-जाँ-द-मोरिएन ते सँ-व्हुल्बा, १७७ किलोमीटर. शेवटच्या काही शे मीटरमध्ये ब्रिटनचा स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिश एका चाकामागून दुसऱ्या चाकामागे सरकत पुढे आला, मोकळी वाट दिसताच निघाला आणि सायकलभर अंतराने जिंकला. यास्पर फिलिप्सन दुसरा, अलेक्झांडर क्रिस्टोफ तिसरा. कॅव्हेंडिशचं वय ३९. टूरमधला हा त्याचा ३५ वा टप्पाविजय. एडी मर्क्सचा ३४ चा आकडा १९७५ पासून तसाच उभा होता, तो त्या दिवशी मागे पडला.

त्या ३५ वर भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते आदल्या दिवसाबद्दल. २ जुलैला हेच सगळे रायडर इटलीतल्या पिनेरोलोहून निघून गॅलिबिएचा घाट ओलांडून व्हॅलोआरला उतरले होते. गॅलिबिएचा माथा २६४२ मीटरवर आहे. त्या दिवशी पोगाचार कुठे जिंकला, किती सेकंदांनी जिंकला, हे सगळ्यांनी पाहिलं. कॅव्हेंडिश बऱ्याच मागे होता आणि एकच काम करत होता: वेळेच्या आत पोचणं. तो पोचला नसता तर ३ जुलै त्याच्यासाठी उगवलाच नसता.

ज्यांनी ही शर्यत फारशी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टूरच्या प्रत्येक टप्प्याला टाईम लिमिट असतं. विजेत्याला लागलेल्या वेळेच्या अमुक टक्के जास्त वेळात तुम्ही पोचलं पाहिजे. टप्पा किती अवघड आणि विजेत्याचा वेग किती, यावर ती टक्केवारी ठरते. समजा विजेत्याला पाच तास लागले आणि सवलत १५ टक्के असली, तर ४५ मिनिटं मिळाली. ४६ व्या मिनिटाला पोचलात तर बॅग भरायची. काल टप्पा जिंकलेला असला तरी.

स्प्रिंटरचं शरीर सपाटीवरच्या स्फोटासाठी घडलेलं असतं. चढावर तेच वजन आणि तेच स्नायू त्याला मागे ओढतात. आणि तीन आठवड्यांच्या शर्यतीत सपाट टप्पे डोंगरांच्या मध्ये विखुरलेले असतात. त्यामुळे स्प्रिंटरची कारकीर्द आपण शेवटच्या दोनशे मीटरवरून मोजतो, पण ती टिकते की संपते ते ठरतं घाटात, कॅमेरा पुढे निघून गेल्यावर. कॅव्हेंडिशची अठरा वर्षं मी या बाजूने पाहतो आणि मला ती ३५ या आकड्यापेक्षाही मोठी वाटतात.

सुरुवात बघा. आइल ऑफ मॅनचा मुलगा, जन्म १९८५. सायकलिंगसाठी पैसे जमवायला दोन वर्षं बँकेत नोकरी केली. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत त्याचे आकडे कधी डोळे दिपवणारे नव्हते. २००७ मध्ये टी-मोबाईल संघातून व्यावसायिक झाला, शेल्डप्रेस ही एकदिवसीय शर्यत जिंकली, आणि त्याच वर्षी पहिली टूर आल्प्समध्ये सोडावी लागली. २००८ ला शातोरूला पहिला टप्पा जिंकला, एकूण चार जिंकले, आणि ऑलिंपिकच्या तयारीसाठी मध्येच घरी गेला. टूर पूर्ण केली ती थेट २००९ मध्ये. त्या वर्षी त्याने सहा टप्पे जिंकले. शेवटचा पॅरिसला, शाँझेलिझेवर.

त्याच वर्षीच्या मार्चमधली मिलान-सान रेमो विसरू नका. जवळपास तीनशे किलोमीटरची शर्यत, शेवटी चिप्रेसा आणि पोज्जो हे दोन चढ. चढावर हा मागे पडणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तो पडला नाही. शेवटी हाइनरिश हाउसलर एवढा पुढे निघाला होता की शर्यत संपल्यातच जमा होती. कॅव्हेंडिशने ते अंतर भरून काढत रेषेवर त्याला काही सेंटीमीटरने गाठलं. चढावर तग धरून राहायचं आणि मग शेवट करायचा, हे तेव्हापासून होतं.

पायडलवाली

छान सुरुवात केलीत. पण एक गोष्ट राहिली. घाटात तो एकटा नव्हता.

मागे पडलेल्यांचा जो घोळका असतो त्याला ग्रुपेटो म्हणतात. बाहेरून तो थकलेल्यांचा कळप दिसतो, पण तिथे पक्का हिशोब चाललेला असतो. चढावर ठरावीक लयीत चढायचं, कुणी उगाच जोर करायचा नाही, म्हणजे कुणी तुटत नाही. उतारावर आणि खोऱ्यातल्या सपाटीवर मात्र जीव तोडून वेळ भरून काढायचा. हा हिशोब जमणारा एखादा जुनाजाणता रायडर लागतो. हायरोड-एचटीसी संघाच्या काळात कॅव्हेंडिशसाठी ते काम बर्नहार्ड आयझल करायचा. स्वतः क्लासिक, म्हणजे मानाच्या एकदिवसीय शर्यती जिंकू शकणारा माणूस, गेंट-व्हेवेल्गेम जिंकलेला, आणि टूरमध्ये दिवसचे दिवस कॅव्हेंडिशच्या पुढे चाक धरून घाट चढायचा.

२०११ चा किस्सा तर तुमच्या मुद्द्याला अगदी जुळतो. अठरावा टप्पा याच गॅलिबिएच्या माथ्यावर संपला होता. त्या दिवशी ऐंशीहून जास्त रायडर टाईम लिमिटच्या बाहेर गेले. एवढ्यांना एकदम काढलं तर शर्यतच उरत नाही, म्हणून सगळ्यांना ठेवलं आणि प्रत्येकाचे २० गुण कापले. कॅव्हेंडिश हिरव्या जर्सीत होता, म्हणजे गुणांच्या क्रमवारीत पहिला. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझला पुन्हा तेच, पुन्हा २० गुण गेले. दोन दिवसांत ४० गुण घाटाने खाल्ले आणि तरीही पॅरिसला हिरवी जर्सी त्याच्याच अंगावर होती.

म्हणजे २०११ ला ज्या गॅलिबिएवर तो वेळेत पोचला नाही, तो तेरा वर्षांनी, ३९ व्या वर्षी, वेळेत ओलांडला. मला हे ३५ व्या विजयाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

दमसास

पायडलवाली, मनापासून आभार. आयझलचं नाव मी घ्यायला हवं होतं.

वाटसरू५२

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

मर्क्सच्या ३४ शी ही तुलना मला पटत नाही. मर्क्सने पाच वेळा अख्खी टूर जिंकली. त्याच्या टप्प्यांमध्ये डोंगर आहेत, टाईम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायचे टप्पे) आहेत, एकट्याने शंभर-सव्वाशे किलोमीटर पुढे राहून जिंकलेले दिवस आहेत. १९६९ मध्ये पहिल्याच टूरला पिवळी (एकूण वेळेत पहिल्याची), हिरवी आणि डोंगरांची अशा तिन्ही स्पर्धा त्याने जिंकल्या. कॅव्हेंडिशचे ३५ च्या ३५ विजय घोळक्यातल्या स्प्रिंटचे. तीन आठवड्यांतले सहा-सात दिवस सोडले तर बाकीचे दिवस तो फक्त पोचायचा. "पोचणं" ही गोष्ट तुम्ही मोठी करून दाखवता आहात, पण दीडशे जण रोज पोचतातच की.

दमसास

वाटसरू, राग कसला. तुलना मलाही नको आहे. आकडा मागे पडला म्हणून मर्क्स लहान होत नाही, आणि कॅव्हेंडिशनेही कधी तसा दावा केल्याचं माझ्या वाचनात नाही.

पण "दीडशे जण पोचतातच" यावर अडतो. २१ दिवसांतून बारीक शरीराचा डोंगरी रायडर पोचणं वेगळं आणि स्प्रिंटर पोचणं वेगळं. २०१८ चा अकरावा टप्पा बघा, ला रोझिएरचा. फक्त १०८ किलोमीटर. टप्पा छोटा, म्हणून विजेत्याची वेळ कमी, म्हणून सवलतीची मिनिटंही कमी. छोटे डोंगरी टप्पे प्रेक्षकांना रंगतदार वाटतात, स्प्रिंटरना ते सगळ्यात घातक. त्या दिवशी जेरंट थॉमस जिंकला आणि कॅव्हेंडिश तासाभराहून जास्त मागे एकटा आला. वेळ कधीच संपली होती, बाहेर फेकलं जाणार हे माहीत होतं. तरी गाडीत बसला नाही, रेषेपर्यंत चालवत आला. मार्सेल किटेल आणि मार्क रेनशॉ हेही त्याच टप्प्यावर बाद झाले. किटेल तेव्हाच्या सगळ्यात वेगवान स्प्रिंटरांपैकी, टूरचे १४ टप्पे जिंकलेला. पुढच्याच वर्षी त्याने खेळ सोडला.

नीरजा_वाचते

मी सायकलिंग नवीनच बघायला लागले आहे. एक साधा प्रश्न. स्प्रिंट म्हणजे शेवटी जो जास्त जोर लावेल तो जिंकतो, एवढंच असेल तर संघाची गरज काय?

पायडलवाली

नीरजा, साधा नाही, मूळ प्रश्न आहे हा.

सगळा खेळ हवेचा आहे. ताशी साठ-सत्तर किलोमीटरला तुमची जवळपास सगळी ताकद हवा फोडण्यात जाते. दुसऱ्याच्या चाकामागे राहिलं तर मोठा भार वाचतो. म्हणून शेवटच्या काही किलोमीटरमध्ये संघ रांग लावतो. पहिला पूर्ण जोर लावतो, संपतो, बाजूला होतो. मग दुसरा. मग तिसरा. स्प्रिंटर सर्वांत मागे, हवेपासून लपलेला. शेवटचा माणूस, म्हणजे लीड-आऊट, त्याला दोनशे मीटरवर सोडतो. वेग इतका चढलेला असतो की मागून कुणाला वर येता येत नाही. शिवाय कॅव्हेंडिश स्वतः जेमतेम पावणेसहा फुटांचा आणि इतका खाली वाकायचा की नाक पुढच्या चाकावर टेकेल असं वाटायचं. ग्रायपल किंवा किटेलइतका जोर त्याच्याकडे नव्हता, पण हवेला भिडायला अंगही फार कमी होतं.

२००९ चं शाँझेलिझे शोधून बघ. प्लास द ला कॉन्कॉर्डचं शेवटचं वळण मार्क रेनशॉने इतक्या वेगात घेतलं की मागे खिंडार पडलं. पाठीमागचे पोचेपर्यंत कॅव्हेंडिश जिंकलाही होता, आणि रेनशॉ स्वतः दुसरा आला. जो दुसऱ्याला सोडायला आला होता तोच दुसरा! आता २०२१ चं कारकासोन बघ. कॅव्हेंडिशचा ३४ वा, मर्क्सशी बरोबरीचा विजय. दुसरा कोण? त्याचाच लीड-आऊट, मिखाएल मर्कव्ह. बारा वर्षांच्या अंतराने तंतोतंत तेच.

नीरजा_वाचते

दोन्ही व्हिडिओ पाहिले. अंगावर काटा आला. रेनशॉ रेषेआधीच हात वर करतोय असं वाटलं!

अवघड_चढ

२०११ ची कोपनहेगनची जागतिक स्पर्धा पण याच मापाने बघायला हवी. तिथे देशाचा संघ असतो, एरवी एकमेकांविरुद्ध चालवणारे एका जर्सीत येतात. ब्रिटनने अडीचशेहून जास्त किलोमीटर शर्यत आपल्या हातात ठेवली. विगिन्स, फ्रूम, थॉमस, मिलर, स्टॅनर्ड, कमिंग्ज, हंट. त्यातले तिघे पुढे टूरचे विजेते झाले, आणि त्या दिवशी सगळे एका स्प्रिंटरसाठी वारा खात होते. मॅथ्यू गॉस दुसरा, ग्रायपल तिसरा. १९६५ च्या टॉम सिम्पसननंतर ब्रिटिश पुरुषाने पहिल्यांदा ती शर्यत जिंकली.

आणि पुढच्या वर्षी उलटं. २०१२ ला तो स्काय संघात गेला, संघाचं लक्ष विगिन्सच्या पिवळ्या जर्सीवर. अंगावर जगज्जेत्याची इंद्रधनुषी जर्सी, आणि हा गाडीपर्यंत मागे जाऊन जर्सीत पाण्याच्या बाटल्या कोंबून संघासाठी पुढे आणतोय. ते चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. पॅरिसला विगिन्सने पिवळी जर्सी घालून शेवटच्या किलोमीटरमध्ये त्याच्यासाठी वेग धरला. तो चौथा सलग शाँझेलिझे विजय.

सुसाट_उतार

सगळे कौतुक करताय, मी एक कडवट गोष्ट टाकतो. २०१४, पहिला टप्पा, हॅरोगेट. त्याच्या आईचं गाव. घरच्या गर्दीसमोर पिवळी जर्सी मिळेल म्हणून नसलेल्या जागेत घुसला, सायमन गेरान्सला खांद्याने ढकललं आणि दोघेही आपटले. खांदा गेला, टूर पहिल्याच दिवशी संपली. ही त्याचीच चूक होती.

दमसास

बरोबर, त्याचीच चूक होती. त्याने ती लगेच मान्यही केली आणि गेरान्सची माफी मागितली. तापट होता तो, विशेषतः तरुणपणी, आणि हे झाकायची गरज नाही.

पण त्यानंतरची वर्षं बघा. २०१६ मध्ये युटा बीचला पहिला टप्पा जिंकून पिवळी जर्सी मिळवली, त्या टूरमध्ये चार विजय आणि एकूण ३०. त्यानंतर रिओ ऑलिंपिकला ऑम्नियम या ट्रॅक सायकलिंगच्या प्रकारात रौप्य. इथून दरी सुरू होते. २०१७ ला एपस्टाइन-बार विषाणू. अशक्तपणा असा की सराव करता येत नाही. त्याच टूरमध्ये व्हिटेलला अपघात, खांद्याचं हाड मोडलं. २०१८ ला ला रोझिएर. ऑगस्टमध्ये नैराश्याचं निदान. २०१९ च्या टूरला संघाने घेतलंच नाही. फेब्रुवारी २०१८ नंतर एप्रिल २०२१ पर्यंत एकही विजय नाही. तीन वर्षं! स्प्रिंटर विजयांवर जगतो. तीन वर्षं काहीच नाही म्हटल्यावर कुठलाही संघ फोन उचलत नाही.

ऑक्टोबर २०२०, गेंट-व्हेवेल्गेम. शर्यतीनंतर मुलाखतीत, ही कदाचित शेवटची शर्यत असेल असं सांगताना रडला. मी ती मुलाखत बघितली आणि मलाही तेव्हा वाटलं, झालं, संपलं.

पायडलवाली

आणि मग २०२१. जुन्या संघाने, डेकॉनिंक-क्विकस्टेपने, किमान पगारावर घेतलं. एप्रिलमध्ये तुर्कस्तानच्या शर्यतीत चार टप्पे जिंकले. टूरला तरीही जायचं नव्हतं, तिथे सॅम बेनेट जाणार होता. बेनेटचा गुडघा दुखावला आणि आठवडाही उरला नसताना कॅव्हेंडिशला घेतलं. फुजेर, शातोरू, व्हॅलांस, कारकासोन. चार विजय आणि हिरवी जर्सी, पहिल्या हिरव्या जर्सीनंतर दहा वर्षांनी. शातोरू तर तेच गाव जिथे २००८ ला पहिला टप्पा जिंकला होता.

पण दमसास यांचा मुद्दा खरा ठरतो तो शातोरू आणि व्हॅलांसच्या मध्ये. नववा टप्पा, तीन्यं. पाऊस, थंडी, आणि शेवटी लांबलचक चढ. आर्नो डेमारसह काहीजण त्या दिवशी वेळेबाहेर गेले. कॅव्हेंडिश सहकाऱ्यांसोबत आला तेव्हा दोन मिनिटंही शिल्लक नव्हती. रेषेपलीकडे त्याने सहकाऱ्यांना मिठ्या मारल्या, जणू टप्पा जिंकला. पुढचा दिवस विश्रांतीचा, आणि त्यानंतरचा टप्पा त्याने जिंकला. ती दोन मिनिटं गेली असती तर ३३ नाही, ३४ नाही, ३५ तर नाहीच.

वाटसरू५२

तीन्यंचा टप्पा आत्ता पाहिला, शेवटची वीस मिनिटं. पुढे बेन ओकॉनर जिंकून बराच वेळ झालाय आणि मागे हे चाललेत. घड्याळ कोपऱ्यात. मर्क्सबद्दलचं माझं मत तेच आहे, पण "दीडशे जण पोचतातच" हे वाक्य मागे घेतो. असं पोचणं मी पाहिलं नव्हतं.

अवघड_चढ

वाटसरू, मोठ्या मनाचे आहात.

२०२३ पण टाका. आधी ज्या संघात जायचं होतं तो संघच उभा राहिला नाही, मग अस्ताना. जिरोमध्ये, म्हणजे इटलीच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, वर्षाअखेर निवृत्तीची घोषणा केली आणि शेवटच्या दिवशी रोमला टप्पा जिंकला. तिथे जेरंट थॉमस पुढे येऊन त्याच्यासाठी ओढत होता. थॉमस दुसऱ्या संघाचा! आदल्याच दिवशी मोंते लुस्सारीच्या घाटात त्याची आघाडीची गुलाबी जर्सी रोग्लिचकडे गेली होती. अख्खा जिरो हातातून निसटल्याच्या दुसऱ्या दिवशी मित्रासाठी वारा फोडायचा. खेळात असं क्वचित बघायला मिळतं.

मग त्या वर्षीची टूर: बोर्दोला दुसरा, ऐन स्प्रिंटमध्ये गिअर घसरला, फिलिप्सन जिंकला. दुसऱ्या दिवशी पडला, कॉलरबोन मोडलं. निवृत्ती एक वर्ष पुढे ढकलली.

नीरजा_वाचते

मग २०२४ ला त्याला रोज पोचता येईल याची खात्री कुणाला होती?

दमसास

नीरजा, पहिल्या दिवशी तर कुणालाच नव्हती.

फ्लोरेन्स ते रिमिनी, इटलीतलं कडक ऊन, दोनशेहून जास्त किलोमीटर आणि एकामागून एक चढ. पहिल्याच मोठ्या चढावर कॅव्हेंडिश घोळक्यातून सुटला. सायकलवरच उलट्या झाल्या. चेहरा पांढराफटक. अस्तानाचे सहकारी त्याच्याभोवती थांबले, एक जण बाटलीतलं पाणी त्याच्या मानेवर ओततोय, दुसरा पुढे राहून सावकाश, अगदी मोजून वेग धरतोय, म्हणजे तो तुटणार नाही. मी टीव्हीसमोर बसून मनात बेरीज-वजाबाकी करत होतो. विजेता बार्देच्या मागे चाळीसेक मिनिटांनी ते आले. वेळेत.

तीन दिवसांनी गॅलिबिए. चौथ्या दिवशी सँ-व्हुल्बा.

रेषेपलीकडे बायको-मुलं होती. दुसऱ्या संघांचे रायडर एकामागून एक येऊन मिठी मारत होते, पिवळ्या जर्सीतला पोगाचारही. त्यातल्या अर्ध्याअधिक लोकांनी कधी ना कधी त्याच्यासोबत ग्रुपेटोत घाट चढला असणार. मर्कव्हही तिथे होता, त्याच्यासाठीच अस्तानात आलेला. रेनशॉ तेव्हा संघाच्या मार्गदर्शकांमध्ये.

पायडलवाली

शेवटचं माझं.

३५ झाल्यावर तो घरी जाऊ शकला असता. बऱ्याच स्प्रिंटरांनी ते केलंय, त्याने स्वतःही केलंय. आणखी सोळा टप्पे बाकी होते, त्यात पिरेनीज, प्लातो द बेय, इझोला २०००, कुइयोल. पॅरिसचा स्प्रिंट त्या वर्षी नव्हताच, ऑलिंपिकमुळे शर्यत नीसला संपणार होती, तीही मोनॅको ते नीस टाईम ट्रायलने. म्हणजे शेवटच्या डोंगरांपलीकडे त्याच्यासाठी जिंकण्यासारखं काहीही नव्हतं. तरी रोज मागच्या घोळक्यात, सहकाऱ्यांच्या चाकामागे, घड्याळ बघत तो चढत राहिला. शेवटच्या घाटातही वेळेत आला.

२१ जुलैला नीसच्या रस्त्यावर टाईम ट्रायलला तो अगदी सुरुवातीला निघाला, कारण क्रमवारीत शेवटच्या काही जणांत होता आणि टाईम ट्रायलला मागचे आधी सुटतात. पिवळी जर्सी निघायला अजून कित्येक तास होते.

नीरजा_वाचते

उद्या सकाळी तीन्यं परत बघणार आहे, या वेळी पहिल्यापासून.